दोन-सहा

बाईचा हात हातात आला की माप मला कळतं.
टेप लागत नाही.
सेलूच्या बाजारात एकवीस वर्षं हेच केलं,
अंगठा तळव्यात दुमडायचा,
माहेरचं काहीबाही विचारायचं
आणि ती बोलत असतानाच काच चढवायची.
लग्नात हिचं माप दोन-सहा होतं.
आज गारखेड्यातल्या भाड्याच्या खोलीत
दिवस एकेचाळिसावा.
पट्टी बदलताना मनगट धरतो,
माप कळतंच.
सांगत नाही.

काचेला बंदी मीच घातली.
प्लेटलेट बावीस हजार.
चरा उठला तरी रक्त लवकर थांबायचं नाही, सिस्टर म्हणाल्या.
त्या म्हणतात ते मी वहीत उतरवतो,
उधारीचीच वही, मागच्या बाजूनं.
*तपासणीचं रक्त आधी, गोळी नंतर.
उकळी फुटल्यापासून वीस मिनिटं पाणी.
दही नाही. वरून कोथिंबीर नाही. घरात फूल नाही.
शंभर पॉइंट चार, की लगेच निघायचं,
रात्र असली तरी.*
मोईनभाईच्या रिक्षाचा नंबर
दाराच्या आतून खडूनं लिहिलाय.

नळ आठवड्यानं येतो.
घरमालकीण तरी एक घागर आमच्यासाठी वेगळी काढते.
तुळशीची कुंडी देऊ का म्हणाली, मी मातीचं सांगितलं.
मग दारातूनच हिच्या हातांकडे बघून
"सवाष्णीचे हात असे..." म्हणाली
आणि पुढचं गिळलं.
आतून मास्कमधून आवाज आला,
"काय करावं मावशी,
कासाराचंच दिवाळं निघालं."

रक्त आता तिच्या भावाचं आहे,
गंगाखेडच्या भास्करचं.
गटही बदलायलाय म्हणे, बी चा ओ.
परवा शेपूच्या वासानंच तिनं तोंड फिरवलं.
जन्मभर आवडीनं खाल्ली शेपू!
"भास्कर ताटाखाली लपवायचा," ती म्हणाली,
"त्याचं रक्त शिकवायलंय मला."
मी म्हटलं, मग उद्या पारावर पत्ते कुटायला बसशील.
हसताना ओठ फाटला.
दोघंही घड्याळ बघत बसलो,
किती मिनिटांत थांबतंय ते.
सात.

बांगड्या नसल्यामुळे
ती खोलीत चालते ते ऐकूच येत नाही.
मोरीतून आली का, पडली का, झोपली का?
पूर्वी पाठमोरा असूनही सगळं कळायचं.
आता वळून वळून बघतो.
रात्री तीनदा उठून पांघरूण हलतं का पाहतो.
"झोपा की वो, मी हाय," अंधारातून ती.

बेचाळिसाव्या दिवशी मला शिंक आली.
एकच.
चोराकडे बघावं तसं तिनं बघितलं.
"बाहेर."
धुळीची आहे गं, मी म्हटलं.
"वहीत काय लिवलंय, वाचा."
अक्षर माझंच होतं.
चटई, उशी, पाण्याची बाटली
तिनं पायानं उंबऱ्याबाहेर सरकवली
आणि कडी लावली.
पाच पायऱ्या चढली की धाप लागते तिला,
कडी मात्र एका दमात.

भावजय सकाळच्या गाडीनं यायची होती.
मधली रात्र माझी जिन्यावर.
डासांना माझ्या सर्दीचं सोयरसुतक नव्हतं.
घशामुळे तिला ओरडता येत नाही,
म्हणून दाराला तोंड लावून विचारायचो,
आठची गोळी?
वाटीवर चमचा, एकदा.
ताप बघितलास?
चमचा, दोनदा. म्हणजे नाही.
खाल्लंस काही?
बराच वेळ काही नाही, मग
चमचा असा घासला वाटीच्या कडेनं
की शिवीच ती.

पहाटे कधीतरी डोळा लागला.
वाटी वाजली तेव्हा
मी काहीच विचारलं नव्हतं.
थांबून पुन्हा वाजली.
स्टीलचा आवाज, काचेसारखा नाही,
जाडा, थोडा बोबडा.
उठून नख लावलं दाराला,
टिक. टिक.
खालच्या गल्लीत दूधवाल्याची फटफटी आली,
तिच्या आवाजात पुढचं बुडालं,
मी कान तसाच लावून राहिलो.